जुनी दुर्बीण स्वस्तात मिळतेय, घेऊ का? पैसे द्यायच्या आधी हे तपासा

दरवर्षी थंडी पडली, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर पाहुणे पक्षी दिसायला लागले की ओळखीतलं कुणीतरी मोबाईल पुढं करतं, ओएलएक्सवर नाहीतर मार्केटप्लेसवर एक दुर्बीण दिसतीय, बाराशेला म्हणतोय, घेऊ का नको? फोटोत दुर्बीण काळीभोर चकाचक असते आणि फोटोवरून काहीच कळत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्यायला काही हरकत नाही, पण डोळ्याला लावून बघितल्याशिवाय एक रुपयासुद्धा द्यायचा नाही.

जुनी घ्यायला हरकत का नाही, तर दुर्बिणीत बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, काचा, प्रिझम, ग्रीस आणि चार-दोन स्क्रू एवढाच कारभार. कोरड्या जागी नीट ठेवलेली तीस-चाळीस वर्षांपूर्वीची दुर्बीण आजही झकास चालते, त्यामुळं कमी पैशात चांगली काच हातात यायची असेल तर जुनी घेणं हाच सगळ्यात सोपा रस्ता आहे. पण दोन दुखणी अशी आहेत की ती असली तर दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये. एक म्हणजे आतली बुरशी आणि दुसरं म्हणजे दोन नळ्यांची अलाइनमेंट गेलेली असणं, म्हणजे दोन्ही नळ्या एकाच जागी न बघणं. दोन्ही फोटोत दिसत नाहीत, दोन्ही दहा मिनिटांत हातात घेऊन कळतात, आणि हा सगळा लेख त्या दहा मिनिटांसाठीच आहे.

पहिलं काम: बघायचं काय ते ठरवा

हे दुकानात किंवा विकणाऱ्याच्या दारात उभं राहून ठरवायचं नसतं, घरीच ठरवून निघायचं. रंकाळा, कळंबा इथले वारकरी, पाणकावळे, हळदी-कुंकू बदकं, खंड्या असले पक्षी बघायचे असतील तर ८ पट मोठं दाखवणारी, जरा रुंद दृश्य देणारी दुर्बीण हवी, कारण पक्षी एका जागी थांबत नाही आणि दृश्य अरुंद असलं की तो सापडेपर्यंत उडून जातो. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला पण हेच लागू, पाटाकडील आणि शिवाजी ह्या संघांची मॅच १२ पटीच्या दुर्बिणीतून बघायला गेलात तर बॉल कुठं गेला हे शोधण्यातच हाफटाइम होईल. ७ किंवा ८ पट बास.

दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात जायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे उजेड. गवा चरायला बाहेर येतो तो पहाटे नाहीतर दिवस मावळताना, आणि झाडीत तर उन्हातसुद्धा अंधारच असतो. तिथं खिशातली चिमुकली दुर्बीण कामाची नाही, पुढची काच निदान ४० मिलिमीटरची हवी.

आणि आकाश बघायचं असेल, म्हणजे मसाई पठारावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला अंधारात जाऊन तारे बघायचे असतील, तर १०×५०, म्हणजे १० पट आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, ही साधी सरळ निवड आहे. त्यातून कृत्तिकेतले कितीतरी जादा तारे दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो, देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका सापडतो आणि हात टेकवून स्थिर धरली तर गुरूचे ते चार उपग्रह दिसतात जे गॅलिलिओनं १६१० मध्ये बघितले होते. शनीचं कडं मात्र १० पटीत वेगळं दिसत नाही, त्याला टेलिस्कोपच लागतो, तेव्हा कुणी "ह्यातनं शनीचं कडं दिसतंय" म्हणून १०×५० विकत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर पण तेवढाच विश्वास ठेवा.

दुसरं: अंगावरचे आकडे वाचायला शिका

८×४२ लिहिलंय म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर. आता ४२ ला ८ नं भागा, सव्वापाच येतं. डोळ्याकडच्या काचेतून प्रकाशाचा जो गोल बाहेर पडतो त्याचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. १०×५० चा येतो ५, ७×५० चा येतो ७ च्या थोडा वर, आणि त्या घडीच्या छोट्या ८×२१ चा येतो जेमतेम २.६. भर उन्हात आपली बाहुली आक्रसून दोन-तीन मिलिमीटरचीच असते त्यामुळं दुपारी बारा वाजता सगळ्या दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात, आणि विकणारा नेमकं दुपारी बोलावतो. दिवस कलल्यावर बाहुली मोठी होते, तरुण माणसाची अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत जाते, तेव्हा २.६ वालीतून सगळं काळवंडलेलं दिसतं. साठीच्या पुढच्यांची बाहुली तेवढी उघडत नाही, म्हणून घरातल्या आजोबांसाठी घेत असाल तर ७×५० चं जादा वजन गळ्यात घालण्यात अर्थ नाही, ८×४० छान.

जास्त पट म्हणजे जास्त चांगली, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पट वाढली की हाताची थरथर पण तेवढ्याच पटीनं वाढते, दृश्य अरुंद होतं आणि अंधार वाढतो. १० पर्यंत बहुतेकांना हातात धरून चालतं, १२ च्या पुढं स्टँड पाहिजेच. २०×५० वगैरे लिहिलेली स्वस्तातली दिसली की पुढं जावा. झूमवाली, म्हणजे १० ते ३० पट असलं काहीतरी लिहिलेली, स्वस्तात असेल तर अजिबात नको, त्यात दोन्ही बाजूंचं झूम एकसारखं हलत नाही आणि पट वाढवली की चित्र गढूळ होतं. फोकसचं चाकच नसलेली पण येते, "फोकस करायलाच नको" असं सांगून खपवतात, ती पण सोडा.

एक पट्टी खिशात ठेवा, शाळेतली सहा इंची चालते. अंगावर ३०×६० लिहिलेली कितीतरी छोटी मॉडेल्स बाजारात हिंडतात ज्यांच्या पुढच्या काचेला पट्टी लावली तर ती २०-२५ मिलिमीटरच भरते. ज्या वस्तूच्या अंगावरचाच आकडा खोटा, तिची पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नका.

तिसरं: बांधणी आणि काचेचा रंग

दुर्बिणी दोन प्रकारच्या दिसतात. एक खांदे असलेली, म्हणजे पुढच्या काचा डोळ्यांपेक्षा लांब-लांब, मधे वाकडा घाट. ही पोरो प्रिझमची, इटलीच्या इग्नाझिओ पोरोनं १८५४ मध्ये त्या प्रिझमचं पेटंट घेतलं आणि जर्मनीच्या झाइस कंपनीनं १८९४ पासून तसल्या दुर्बिणी बाजारात आणल्या. दुसरी सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची, दिसायला सुटसुटीत. रूफ प्रिझम नीट चालायला फार काटेकोर घडवावं लागतं आणि त्यावर खास लेप लागतो, तो खर्च स्वस्त दुर्बिणीत कुणी करत नाही. म्हणून बजेट कमी असेल तर खांदेवाली घ्या, डोळे झाकून म्हणत नाही पण पहिली पसंती तिलाच. ऑलिंपसची डीपीएस मालिका, निकॉनची अ‍ॅक्युलॉन, अ‍ॅक्शन ही त्यातली नेहमीची नावं, आपल्याकडं जुन्यात हीच जास्त सापडतात.

जुन्या सोव्हिएत दुर्बिणी पण अजून हिंडत असतात, लोक नुसतं "रशियन" म्हणतात. लोखंडासारख्या जड, दणकट, आणि त्यातून बघितलं की दृश्यावर जरा पिवळट झाक दिसते. ती झाक म्हणजे बिघाड नव्हे, त्यांच्या काचेचा आणि लेपाचाच तो गुण, त्यामुळं बुरशी आणि अलाइनमेंटच्या परीक्षेत पास झाली तर रशियन खुशाल घ्या. "मिलिटरीची आहे" म्हणून दाखवतात त्यात मात्र दोन गोष्टी बघा. नुसता हिरवा-तपकिरी पट्ट्यांचा रंग मारलेली असेल तर त्या शब्दाला काही किंमत नाही. खरंच लष्करी धाटणीची असेल तर बऱ्याचदा मधलं फोकसचं चाक नसतं, दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा फिरवावा लागतो, आकाशासाठी ते चालतं पण हलत्या पक्ष्यांसाठी फार कटकटीचं आहे.

आता काच ट्यूबलाइटखाली धरा आणि प्रतिबिंब बघा. ट्यूबचं प्रतिबिंब फिकट हिरवट, जांभळट दिसलं तर लेप आहे, चांगलं. पांढरं लख्ख दिसलं तर लेप नाही, आणि बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे दहाच्या आसपास पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला, वर तोच उजेड आत भटकून चित्र धुरकट करतो. पुढची काच लालभडक आरशासारखी चमकत असेल तर ती जत्रेत शोभते, बघायच्या कामाची नाही, कारण लाल उजेड ती बाहेरच परतवते आणि आतून सगळं निळं-हिरवं दिसतं.

चौथं: जायच्या आधी फोनवर काय विचारायचं

नवीन लोक हा भाग सोडूनच देतात. पुढच्या काचेचा, डोळ्याकडच्या काचेचा आणि आकडे लिहिलेल्या जागेचा असे तीन फोटो मागवा. किती वर्षं वापरात नव्हती ते विचारा, कुठं ठेवली होती ते पण विचारा, माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत, चामड्याच्या पेटीत असं उत्तर आलं तर टॉर्चच्या परीक्षेला जास्त वेळ द्यायचा हे मनात ठेवा.

आणि आपल्याकडं एक प्रश्न विचारायलाच पाहिजे, "पुराचं पाणी लागलं होतं का?" २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या सखल भागातल्या आणि पंचगंगेकाठच्या गावांतल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं, त्यात भिजलेल्या वस्तू वाळवून, पुसून ठेवलेल्या असतात. विकणाऱ्याच्या मनात फसवायचं असतंच असं नाही, त्याला वाटतं बाहेरून वाळली म्हणजे वाळली. पण गाळाचं पाणी एकदा आत गेलं की प्रिझमवर थर बसतो, ग्रीस निघून जातं, फोकसच्या चाकात माती अडकते. बिजागरीच्या फटीत, स्क्रूच्या खाचेत पिवळट माती आणि तांबडा गंज एकत्र दिसला तर "नको" म्हणून नम्रपणे निघा.

ॲडव्हान्स द्यायचा नाही. "मी आर्मीत आहे, ट्रान्सफर झालीय, पार्सलनं पाठवतो" ही फसवणूक खूप जुनी आहे आणि अजून चालते. कुणी "तुम्हाला पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हटलं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला काहीच स्कॅन करावं लागत नाही, पिन पण टाकावा लागत नाही. समोरासमोर, दिवसाउजेडी, बघून घेणं हाच नियम, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात गेलात तरी तोच.

पाचवं: हातात आल्यावर

आधी डोळ्याला लावू नका. कानाजवळ धरून हळू हलवा. आत काही खडखडलं तर प्रिझम सुटलंय किंवा तुकडा पडलाय, तिथंच विषय संपला. बिजागरी उघडा-मिटा, ती जरा घट्टच हवी, सैल असेल तर बघताना डोळ्यांचं अंतर आपोआप बदलत राहील. फोकसचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, जुन्यात ग्रीस सुकून जड झालेलं असतं ते समजू शकतो, पण मधेच अडकणं, घसरणं, किंवा खांदेवालीत चाक फिरतंय आणि डोळ्याकडचा भाग हलतच नाही हे चालणार नाही. उजव्या डोळ्याकडची डायऑप्टरची रिंग, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायची रिंग, फिरते का बघा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी आधी खोललीय असं समजायचं आणि अलाइनमेंट दुप्पट काळजीनं बघायची.

रबर फाटलंय, पट्टा नाही, टोपणं हरवलीत, रंग उडालाय, ह्याचं काही वाटून घेऊ नका. हे सगळं भाव कमी करायच्या कामाचं.

सहावं: टॉर्च

आता मोबाईलची टॉर्च लावा, थोड्या सावलीत या. टॉर्च पुढच्या काचेवर तिरकी धरा आणि डोळ्याकडच्या बाजूनं, डोळा चार-पाच इंच लांब ठेवून आत बघा. मग उलटं करा, टॉर्च डोळ्याकडं आणि तुम्ही पुढून. टॉर्चचा कोन सावकाश बदलत राहा कारण बुरशी एका कोनात अजिबात दिसत नाही आणि दुसऱ्या कोनात लख्ख उठून येते.

धुळीचे कण दिसणारच, टॉर्चमध्ये नवीन दुर्बीणसुद्धा घाण वाटते, त्याला घाबरू नका, चार कणांनी चित्राला काही होत नाही. शोधायचं आहे ते वेगळं, कडेपासून आत सरकत गेलेले बारीक पांढुरके धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले. ती बुरशी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, त्यात बंद पेटीत पडलेल्या दुर्बिणीला ती धरणारच. सुरवातीला ती वरवर असते आणि साफ होते, पण जुनी झाली की तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, मग काचही खाल्ली जाते, आणि पुसून जाळं गेलं तरी त्याचा छाप तसाच राहतो. प्रिझमवर असेल तर सगळी खोलावी लागते.

दुसरं दिसतं ते धुकं, सगळ्या काचेवर एकसारखा वाफ धरल्यासारखा पडदा. ते बऱ्याचदा ग्रीसमधलं तेल उडून काचेवर बसलेलं असतं. साफ होऊ शकतं पण खोलूनच, म्हणजे खर्च आलाच. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असला तर दिसण्यात काही फरक पडत नाही, डोळ्याकडच्या काचेवरचे ओरखडे मात्र जास्त त्रास देतात, तिथं जरा कडक राहा.

टॉर्च बंद करा, दुर्बीण हातभर लांब धरून मोकळ्या आकाशाकडं करा, सूर्याच्या विरुद्ध बाजूला. डोळ्याकडच्या काचांत दोन उजळ गोल दिसतील. पूर्ण गोल आणि कडा स्वच्छ असतील तर प्रिझम चांगल्या काचेचं, बॅक-४ म्हणतात ते. कडा कापल्यासारख्या, चौकोनी सावली पडलेली असेल तर साध्या काचेचं, बीके-७ म्हणतात ते. त्यानं अगदी सोडून द्यायची गरज नाही, पण भाव त्या हिशोबानं. एक गोल उजळ आणि दुसरा काळवंडलेला असेल तर त्या बाजूला आत काहीतरी गडबड आहे.

सातवं: दोन नळ्या एकाच जागी बघतात का

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं घाई नको. विकणाऱ्याला सरळ सांगा, "दादा, जरा बाहेर उजेडात पाच मिनिटं बघतो." खरा माणूस "बघा की, त्यात काय" म्हणतो. कुणी टाळाटाळ केली, घरातल्या घरातच भिंतीकडं बघून सांगा म्हणाला, तर तेवढं कारण पुरे आहे. शक्य असेल तर भेटायची जागाच रंकाळा ठेवा, कारण तिथं पाण्यापलीकडं लांबवर बघायला मिळतं, शालिनी पॅलेसची छताची रेघ आहे, विजेच्या तारा आहेत, आणि विकणाऱ्याला पण सोयीचं पडतं.

आधी दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्या. बिजागरी उघडत-मिटत दोन गोलांचा एक गोल करा. उजवी पुढची काच तळहातानं झाका, डाव्या डोळ्यानं लांबची एखादी पाटी बघत मधल्या चाकानं फोकस करा. मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या बाजूची रिंग फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. आता दोन्ही डोळ्यांनी बघा. हे न करता कितीतरी लोक "डोळे दुखतायत" म्हणून चांगली दुर्बीण परत देतात, आणि उलट, वाईट दुर्बिणीचा दोष स्वतःच्या चष्म्याला लावतात.

आता कठड्यावर कोपर टेका. लांबची आडवी रेघ पकडा, गच्चीचा कठडा, छताची कड, तार काहीही, पण निदान दोन-तीनशे मीटर लांब. ती रेघ बघत बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब न्या, वीतभर. एका गोलाचे दोन गोल होतील. दोन्ही गोलांत ती रेघ एकाच उंचीवर आहे का बघा. डाव्या गोलात रेघ मधोमध आणि उजव्या गोलात ती वर सरकलेली किंवा खाली पडलेली दिसली तर अलाइनमेंट गेलीय. आडव्या दिशेचा थोडा फरक आपले डोळे सांभाळून घेतात, वर-खालीचा फरक अजिबात नाही, कारण एक डोळा वर आणि एक खाली असं बघायची सवय माणसाच्या डोळ्याला नसतेच.

बिजागरी जरा जास्त उघडून आणि जरा मिटवून हीच परीक्षा पुन्हा करा. काही दुर्बिणी एका अंतरावर जुळतात आणि दुसऱ्यावर फिसकटतात. घरात वडील, मुलगी असे दोघं-तिघं वापरणार असाल तर हे बघायलाच पाहिजे.

शेवटी तीन-चार मिनिटं सलग बघा. फरक थोडा असेल तर मेंदू ओढूनताणून दोन चित्रं एक करतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं छान वाटतं, म्हणून दुकानात डोळ्याला लावून "हां, दिसतंय की" म्हणणं पुरत नाही. दुर्बीण खाली घेतल्यावर क्षणभर सगळं दोन-दोन दिसलं, कपाळात ओढल्यासारखं वाटलं, तर कितीही स्वस्त असली तरी नको. दुर्बीण पडली की हे होतं, आतलं प्रिझम केसभर सरकतं, बाहेरून एक चरासुद्धा नसतो. दुरुस्तीला अलाइनमेंट बघायचं उपकरण लागतं आणि ते प्रत्येक कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडं नसतं, असलं तरी मजुरी दुर्बिणीच्या किमतीपेक्षा जास्त होऊन बसते.

ह्यात पास झाली की बाकीचं पटकन. लांबच्या पाटीवरची अक्षरं मधोमध धारदार दिसतात का? कडेला जरा पुसट झाली तर स्वस्तात तेवढं चालायचंच. चंद्र किंवा लांबचा डोंगर फोकस झाल्यावर चाकाला अजून थोडी जागा उरते का? चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच बघायचं, रबराच्या वाट्या दुमडून, पूर्ण गोल दिसला पाहिजे. डोळा काचेपासून साधारण १५ मिलिमीटर लांब राहूनही पूर्ण दृश्य दिसणारी असेल तर चष्म्याला जमते, जुन्यातल्या बऱ्याच त्यात कमी पडतात. नुसता लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस होतं, पण डोळ्याचा सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा काढता येत नाही.

आठवं: किती द्यायचे

मी असं धरतो. ओळखीच्या कंपनीची, सगळ्या परीक्षा पास, तर आज तेच किंवा तशाच मापाचं मॉडेल नवीन केवढ्याला आहे ते त्याच जागी मोबाईलवर बघा आणि निम्म्याच्या वर जाऊ नका, कारण वॉरंटी नाही. टोपणं, पिशवी नसेल तर अजून खाली. नाव नसलेली, पण चित्र स्वच्छ आणि अलाइनमेंट ठीक, तर पाचशे ते आठशे, त्यापुढं मी जाणार नाही. बुरशी "थोडीशीच" आहे म्हणून अर्ध्या किमतीत देतो म्हणाला तरी मोह टाळा, नवीन माणसानं तरी टाळाच.

काही जणांनी जुनीच्या नादाला न लागलेलं बरं. पावसात, धबधब्यात वापरायची असेल तर वॉटरप्रूफ नवीन घ्या, जुन्याची रबरी सीलं टिकलीत का हे तपासायचा सोपा मार्ग नाही. जड चष्मा असेल आणि ट्राय करायला मिळत नसेल तर नको. कुणाला भेट द्यायची असेल तर नको. आणि लहान पोरासाठी असेल तर त्याच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं, बिजागरी पूर्ण मिटूनही त्याला एक गोल दिसतो का हे त्यालाच सोबत नेऊन बघा. पोरांना पहिल्याच दिवशी बजावून सांगायचं की सूर्याकडं करायची नाही, कधीच नाही, रंकाळ्यावर संध्याकाळी सूर्य लाल झालाय म्हणून सुद्धा नाही, क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. मोठ्यांना पण हेच.

घरी आणल्यावर

खोलू नका. बाहेरची काच पुसताना आधी फुंकणीच्या रबरी पंपानं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकानं, गमज्यानं पुसली की धुळीचे कण लेपावर घासले जातात आणि ती चूक परत फिरत नाही. जुन्या दुर्बिणीबरोबर चामड्याची सुंदर पेटी मिळाली तर ती शोकेसमध्ये ठेवा, दुर्बीण त्यात नको, चामडं ओल धरतं.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढा खर्च कराच. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून पुन्हा टाकता येतं. भिजलेली दुर्बीण तशीच डब्यात बंद करायची नाही, आधी पंख्याखाली पूर्ण वाळवायची. महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरलीत तर सगळ्यात उत्तम, वापरातल्या दुर्बिणीला बुरशी उशिरा धरते. खंडेनवमीला घरातली अवजारं पूजेला काढता तेव्हा ही पण काढा आणि वर सांगितली तशी टॉर्च मारून दोन्ही बाजूंनी बघा, पाऊस नुकताच संपलेला असतो, आत धागा धरलाच असेल तर तो ताजा असतो आणि ताजा असतानाच चांगल्या कारागिराकडं नेला तर लेपाला डाग न पडता निघतो.